एका माणसाची गायन पार्टी

स्वतःहून पहिलं वाक्य कधीच न बोललेला माणूस या पृथ्वीवर एकच असेल, आणि तो माझ्या मावशीचा नवरा आहे. जन्मल्यावर ते रडले तेसुद्धा म्हणे शेजारच्या घरातलं पोर रडायला लागल्यानंतर. ही हकिकत मावशीच्या सासूने सांगितलेली, त्यामुळे खरीच असणार. त्या बाईला चेष्टा करणं ठाऊक नव्हतं. आम्ही त्यांना मावसा म्हणतो. बिदर जिल्ह्यातल्या आमच्या भालकीत त्यांना सगळे ओळखतात, पण विचारलं की 'ते नव्हं का, मास्तरच्या मागं उभारत होते ते' एवढंच सांगतात. माणसाची उभी हयात 'मागं' या एका शब्दात गुंडाळून ठेवायला आमच्या गावाला काही वाटत नाही.

मावसा गायन पार्टीत झील धरायचे. आमच्याकडे जयंतीला, लग्नाला, विहाराच्या कार्यक्रमाला गायन पार्टी येते. एक मुख्य गायक, एक पेटी, एक ढोलकी आणि मागे झीलकरी. गायकाने ओळ म्हणायची आणि झीलकऱ्याने ती उचलायची. उचलायची म्हणजे गायक थांबल्यावर म्हणायची असं नाही. ते काय, शाळेतली पोरंही पाढे म्हणताना करतात. गायकाचं शेवटचं अक्षर जमिनीला टेकायच्या आत आपलं पहिलं अक्षर त्याच्याखाली सरकवायचं असतं. दोन आवाजांमध्ये फट दिसली की झीलकरी कच्चा. मावसांच्या आयुष्यात अशी फट कुणाला कधी दिसली नाही, आणि न दिसणं हीच त्यांची कला असल्यामुळे टाळ्या मात्र नेहमी पुढच्या माणसाला पडल्या.

ही कला गळ्यापुरती राहिली असती तर मावशीचा संसार सोपा झाला असता. पण मावसा सगळ्या जगाचीच झील धरत. भालकीच्या बसस्टँडवर कंडक्टर 'उदगीर, उदगीर' ओरडू लागला की शेजारी उभे असलेले मावसा 'उदगीर…' असं काही लांबवून उचलत, की बिदरला निघालेली माणसं उदगीरच्या गाडीत जाऊन बसत. आडत दुकानात ते कामाला होते. काट्यावरच्या माणसाने वजन पुकारलं की मावसा ते सुरात पुन्हा पुकारत. वजन अख्ख्या बाजाराला ऐकू गेल्यामुळे शेतकरी खूश आणि आडत्या बेजार. मराठी, कानडी, दखनी कशातही बोला, मावसा त्याच भाषेत तुमचं वाक्य तुम्हाला साभार परत करत. मावशीची तर लग्नापासूनची तक्रार आहे. ती म्हणते, "बगायला आले तवा माझ्या बापानं इचारलं, पोरगी पसंत हाय? हे म्हणले, पसंत हाय. आता मला सांग, ह्यानी काय जबाब दिला? माझ्या बापाचाच आवाज भिंतीला लागून माघारी आला." मावसा शेजारी बसून म्हणतात, "माघारी आला."

एका निवडणुकीच्या सभेत उमेदवाराने गळा दाटवून विचारलं, "पाच वर्षांत मी तुम्हाला कधी तोंड चुकवलं?" समोरून मावसांनी सवयीने ओळ उचलली, "तोंड चुकवलं!" त्यांच्यामागून अख्ख्या वस्तीने उचलली. उमेदवाराला वाटलं विरोधकांनी माणसं पेरली आहेत. तो पुढे निवडणुकीत पडला, पण त्यात मावसांचा दोष नाही. त्याची लायकीच तेवढी होती. मयताच्या घरी मात्र मावसांना खरी मागणी असे. एखाद्या बाईने 'कसं सोडून गेलाव हो' म्हणून हंबरडा फोडला की कोपऱ्यातून मावसांचं 'सोडून गेलाव हो…' असं काही येई, की भावकीच्या भांडणापायी एकमेकांचं तोंड न बघणारे लोक गळ्यात गळे घालून रडत. बाहेर आल्यावर ते पुन्हा भांडत, ती गोष्ट वेगळी.

पार्टीचे जेवढे फोटो आहेत त्या सगळ्यांत मावसा अर्धेच आहेत. उजवा अर्धा भाग मास्तरच्या खांद्याआड. मास्तर म्हणजे मुख्य गायक, मावसांचा लहानपणापासूनचा दोस्त. एक कान हाताने झाकायचा आणि दुसरा मास्तरकडे लावून त्याच्या डाव्या खांद्यामागे उभं राहायचं, ही मावसांची जागा. ती इतकी अंगवळणी पडली होती की बाजारात भाजी घेतानासुद्धा ते पुढच्या गिऱ्हाइकाच्या डाव्या खांद्यामागे उभे राहत आणि तो जे घेईल ते घेत. मावशीला शेपू आवडत नाही, पण तिच्या घरी शेपू फार झाली. स्वतःच्या मुलीच्या लग्नातल्या फोटोतही ते व्याह्यांच्या आड अर्धे आहेत. गळ्याला मात्र राजासारखं जपायचे. भर उन्हाळ्यात मफलर, दही वर्ज्य, तोंडात ज्येष्ठमधाची काडी. गायकाच्या मागे उभं राहणाऱ्याने एवढं कशाला जपायचं, असं मी एकदा चेष्टेने विचारलं, तेव्हा मावशीने माझ्याकडे असं बघितलं की ताटातला धपाटा मी चटणीही न मागता संपवला.

मग सोलोचे दिवस आले. घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणतात. इथे आधी वासेच फिरले. पहिल्यांदा ढोलकीवाला गेला. ढोलकीने सोलो काय करायचं हे मला आजही कळलेलं नाही, पण तो डीजेच्या गाडीवर चढून सोलो झाला. पेटीवाल्याने कीबोर्ड घेतला आणि 'संपूर्ण ऑर्केस्ट्रा एकाच माणसात' अशी पाटी लावली. दुसरा झीलकरी लातूरला जाऊन स्वतःच गायक झाला, जो त्याने होऊ नये असं लातूरच्या लोकांचंही मत आहे. सगळ्यात शेवटी मास्तर. तो पुण्याला गेला. त्याने ट्रॅक घेतला, म्हणजे आधीच वाजवून ठेवलेलं संगीत. बटण दाबलं की पेटी, ढोलकी, बासरी सगळं हजर. ना चहा मागतं, ना उसनवार. जाताना मास्तर मावसांना सांगून गेला नाही. लग्नाची सुपारी घेतलेल्या एका गावी मावसा मफलर बांधून वेळेवर पोचले, मंडपात उभे राहिले, आणि तिथल्या लोकांनीच त्यांना सांगितलं की मास्तर आता एकटाच गातो, आणि इथली सुपारी परत करून आज तो दुसरीकडे आहे. मंडपातल्या लोकांनी मावसांना जेवून मात्र जायला लावलं. माणसं चांगली होती.

मी कडगंचीला विद्यापीठाच्या कचेरीत नोकरीला असतो. सुटीला भालकीला गेलो की मावसांकडे जेवायला जातो. त्या वेळी मास्तरने पार्टीची सगळी जुनी गाणी नव्याने भरून, म्हणजे रेकॉर्ड करून, फोनवर टाकली होती. मावसांकडे साधा फोन, म्हणून त्यांनी माझ्या फोनवर ऐकली. सवयीने एक कान झाकला. मास्तरची ओळ आली, शेवटचं अक्षर आलं, मावसांनी तोंड उघडलं, आणि फोनमधूनच झील आली. मावसांचं तोंड तसंच उघडं राहिलं. मग हळूच विचारलं, "हे मागं कोण हाय?" मी म्हणालो, "मास्तरच. हल्ली एकाच आवाजाच्या चार प्रती काढतात." मावसांनी फोन उलटून त्याची पाठ बघितली. "मास्तर मास्तरच्याच मागं उभारलाय," ते म्हणाले. पुढच्या गाण्यातही तेच. त्याच्या पुढच्याही. मावसांचा आवाज जिथे जिथे होता तिथून तिथून पुसला होता, आणि पुसणाऱ्याला खाली लोक 'क्या बात' लिहीत होते.

गावातल्या पोरांनी छेडलं की, "मावसा, सगळे सोलो झाले, तुमी कामून न्हाई?" तर मावसा म्हणत, "सोलो न्हाई?" पण एकदा मावशीसमोर ते बोलून गेले. "मी कुठं पार्टी सोडलो? समदे पार्टी सोडून गेले. मी तितंच हाव. आता तितं मी एकटाच हाव, तर त्याला मी काय करू?" खरंच होतं. गाताना मागे लावायचा पार्टीचा फाटका पडदा अजून त्यांच्याच घरी होता. बाकीच्यांनी पार्टी सोडली म्हणून ते सोलो, आणि ज्याने सोडली नाही तो खरा एकटा. हा न्याय कुठल्या देवाने केला ते मला माहीत नाही; बरं, आमच्या घरात देवही नाहीत.

मावशीने एक दिवस पोळी लाटता लाटता निर्णय दिला. "हैदराबादला जाऊ. ह्यांचा आवाज भरून आणू. एक गाणं. ह्यांचं एकट्याचं. जगात कुटंतरी ह्यांचा आवाज ऱ्हायला पायजे का नको?" मावसा म्हणाले, "पायजे का नको." त्याचा अर्थ तिने हवा तो घेतला. पार्टीच्या एका वारलेल्या कवीचं गाणं निवडलं, जे मास्तरने तालमीपलीकडे कधी गायलं नव्हतं. मी हैदराबादचा एक स्टुडिओ शोधला, त्यांना ट्रॅक करायला सांगितला, आणि आम्ही तिघं रेल्वेने निघालो. मावशीने धपाटे, शेंगाचटणी आणि घरचं पाणी घेतलं होतं, कारण शहराच्या पाण्याने ह्यांचा गळा बसतो.

आधी शहर बघायचं, ही मावशीची अट. तलावातल्या बुद्धमूर्तीकडे जाणाऱ्या नावेत बसलो. नाववाला तेलुगूत सूचना देत होता आणि मावसा त्या सुरात परत देत होते. लोकांनी दोघांचंही ऐकून जॅकेटं घातली. मूर्तीपुढे मावशी हात जोडून इतका वेळ उभी राहिली की आम्ही एक नाव सोडली. चारमिनारला तिने बांगड्या भरल्या. रस्ता ओलांडताना मात्र घोळ झाला. मावसांनी सवयीप्रमाणे एका अनोळखी माणसाचा डावा खांदा धरला, म्हणजे त्याच्यामागे उभे राहिले, त्याच्यामागून रस्ता ओलांडला आणि त्याच्याच मागोमाग पुढे चालत गेले. आम्ही घाबरून शोधत फिरलो. शेवटी सापडले एका दाताच्या दवाखान्यात. तो माणूस आत खुर्चीवर आणि मावसा बाहेर बाकावर, पुढचा नंबर लावून. मावशी तिथे सगळ्यांदेखत ओरडली, "दात दुखायलाय का तुमचा?" मावसा म्हणाले, "दुखायलाय." मी त्यांना ओढूनच बाहेर काढलं.

स्टुडिओ एका बोळात, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावर होता. चालवणारा पोट सुटलेला, हाफ पँटीतला, तोंडात पान धरलेला गृहस्थ, स्वभावाने गरीब. त्याने मावसांना काचेपलीकडच्या खोलीत उभं केलं, कानाला हेडफोन लावले आणि म्हणाला, "चच्चा, म्यूजिक बजता, मैं हात दिखातूं, तुम शुरू हो जाव." संगीत वाजलं. त्याने हात दाखवला. मावसांनीही हात दाखवला. संगीत पुढे निघून गेलं. पुन्हा लावलं. मावसा कान झाकून, मान तिरकी करून, अगदी तयारीत उभे, आणि ओळीची जागा आली तशी गेली. "कैकू रुक गए चच्चा?" तो म्हणाला. पुन्हा तेच. मी काचेबाहेरून तोंड हलवून दाखवलं. घामाने मफलर भिजला. शेवटी मावसांनी हेडफोन काढला आणि लहान पोरासारखं म्हणाले, "कुणीतरी आदी म्हणू द्या की हो. मी उचलतो."

मला हसू आलं आणि लगेच त्याची लाज वाटली. गळा तयार, सूर तयार, शब्द पाठ. आणि या माणसाला आरंभ करायची जागाच जगाने कधी दिली नव्हती. तेवढ्यात मावशी उठली. पिशवी माझ्याकडे दिली, चपला काढल्या आणि आत गेली. मायक्रोफोनकडे तिने पाठ केली, नवऱ्याकडे तोंड केलं आणि हाफ पँटवाल्याला खुणेने सांगितलं, लाव. संगीत आलं आणि मावशीने, जेवायला हाक मारावी तशा आवाजात, ओळ टाकली, "दिवा लावला मायेनं, उजेड गेला गावात…"

मी मावशीला गाताना कधी ऐकलं नव्हतं. पार्टीची तालीम तिच्या पडवीत व्हायची आणि ती आत भाकरी थापत असायची, एवढंच मला माहीत. भिंतीआडून सगळी गाणी तिला पाठ झाली होती. आवाज जाडाभरडा, पण सुराला पक्का. आणि तिचं 'गावात'मधलं शेवटचं अक्षर खाली येतंय तोच मावसांचा आवाज त्याच्याखाली गेला. कुठे फट नाही. पुढची ओळ, पुन्हा तसंच. दोघं एकमेकांकडे बघत होते आणि बाहेर आम्ही आहोत हे विसरले होते. मावसांचा आवाज इतका मोकळा मी मास्तरच्या मागे कधी ऐकला नव्हता. हाफ पँटवाला पान चघळायचं थांबला. गाणं संपल्यावर मावशी पदराने तोंड पुसत बाहेर आली आणि मला म्हणाली, "झालं का बा ह्यांचं?"

हाफ पँटवाल्याने पडद्यावर भराभर काहीतरी कापलं, सरकवलं, आणि ऐकवलं. संगीत आलं आणि ओळीच्या जागेवर थेट मावसांचा आवाज. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत फक्त मावसा. मला आनंद झाला. मावशी तर खुर्चीच्या कडेवर येऊन बसली. मावसा ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "हिचं कुठाय?"

"किसका?"

"हमारे घरवाली का."

"अम्मा का निकाल दिया, चच्चा. तुमारा आगे खिसका दिया. एकदम सोलो. सोलो बोले थे ना?"

"निकाल दिया?" मावसा म्हणाले. आयुष्यभर ते दुसऱ्याचे शब्द परत म्हणत आले, पण या दोन शब्दांना त्यांच्या तोंडी पहिल्यांदाच वजन होतं. "वापस डालो." तो बिचारा गोंधळला. पुसून टाकलं होतं, परत येणारं नव्हतं. अम्माने पुन्हा म्हटलं तर पुन्हा भरतो म्हणाला. मावशीला मायक्रोफोनसमोर नीट उभं केलं, हेडफोन लावला. पण मघाशी ती नवऱ्याला मदत करत होती, आता ती गात होती, आणि हा फरक तिच्या गळ्याला कळला. सूर फुटेना. मावसा समोर उभे राहून तिच्याकडे बघत होते, मान हलवत होते, आणि उचलायला काही येत नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "जाऊ द्या. तुमचंच भरायला आलो होतो. माझं काय हाय त्यात?" यावेळी मावसांनी तिचे शब्द परत म्हटले नाहीत.

परतीच्या गाडीत मावशी नवीन बांगड्यांकडे बघत होती. कुणी काही बोललेलं नसताना मावसा मला म्हणाले, "अप्पा, मास्तरनं मुद्दाम केला नसंल बग. त्यालाबी कुणीतरी असंच म्हणलं आसंल, काढून टाकलो म्हणून." मावसा मास्तरला माफ करू शकतात, मी नाही. मास्तरने मुद्दामच केलं होतं, कारण त्याने 'परत घाला' म्हटलं नव्हतं.

गाणं मी फोनवर टाकलं. लोकांना आवडलं. भालकीच्या ज्या पोरांनी छेडलं होतं, तीच आता 'आमच्या गल्लीतले सोलो गायक' म्हणून मिरवतात. मास्तरचाही फोन आला, "जमलं की सोलो!" मावसांनी फोन मावशीच्या हातात दिला आणि ते बाहेर जाऊन बसले. मुलीने त्यांना चांगला फोन घेऊन दिला आहे. आलेल्या प्रत्येकाच्या कानात ते इअरफोनची वायर घालतात आणि गाणं लावतात. पाहुणा म्हणतो, "वा, काय आवाज लागलाय मावसा." मावसा चिडतात. "माझं ऐकायला न्हाई दिलो. ओळीच्या तोंडाला ऐका. माझ्या पैल्या अक्षराच्या खाली. तितं तिचं शेवटचं ऱ्हायलंय. त्याला काढता आलं न्हाई." झीलकऱ्याने दोन आवाजांत फट ठेवायची नसते, आणि त्यांनी ठेवली नव्हती, तेव्हा तिथे ती असायलाच हवी, असा त्यांचा हिशेब. पाहुणे कंटाळतात. काही जण 'व्हय, व्हय' म्हणून चहा मागतात.

गेल्या खेपेला माझ्याही कानात त्यांनी वायर घातली. मी डोळे मिटून, अगदी श्वास रोखून ऐकलं. मावसांचं पहिलं अक्षर आलं आणि त्याच्याखाली मला काहीच ऐकू आलं नाही. मी फोन ठेवला आणि पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेलो. मावशी तवा उतरवत होती. मी हळूच विचारलं, "तुला येतंय का गं ऐकायला?"

"न्हाई बा," मावशी म्हणाली. "पन त्यानला सांगू नको. त्यानला ऐकू येतंय तवर मी हाय त्यात."

बाहेरून मावसांनी विचारलं, "अप्पा, आलं का?"

"आलं," मी म्हणालो.